पडताळणीचा हक्क मतदारालाही हवा : निवडणूक आयोगाला कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक आयुक्त व माननीय निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली.

विषय : मतदान, मतमोजणी व मतदार यादीच्या नोंदी मतदारांना पाहण्यास खुल्या करण्याबाबत.

महोदय,

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील ६४ कोटींहून अधिक नागरिकांनी मतदान केले. आमच्या कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत तिसऱ्या टप्प्यात, ७ मे रोजी, मे महिन्याच्या उन्हात ७१ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत आमचा जिल्हा ७६ टक्क्यांच्या पुढे जाऊन राज्यात पहिला आला. हे आरंभीच सांगतो, कारण हे पत्र निवडणुकीला विटलेल्या माणसाचे नाही. कोल्हापूरकर मतदानाकडे पाठ फिरवत नाहीत. ग्रामपंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंत आणि दूध संघापासून लोकसभेपर्यंत निवडणूक हा इथल्या सार्वजनिक जीवनाचा कणा आहे, आणि म्हणूनच त्या दोन निवडणुकांनंतर देशात व राज्यात मतदानयंत्रे, मतदार याद्या आणि मतदानाचे आकडे यांवरून जो वाद उसळला तो आमच्या पारावर, तालमीत आणि घराघरांत अजूनही चालू आहे.

या वादात मी कोणत्याही पक्षाची बाजू घेऊन आपल्यापुढे आलेलो नाही. आमच्या एकाच जिल्ह्यात कोल्हापूरची जागा काँग्रेसचे शाहू छत्रपती यांनी जिंकली आणि शेजारची हातकणंगल्याची जागा शिवसेनेचे धैर्यशील माने यांनी जिंकली. ज्याचा उमेदवार पडतो त्याला यंत्राचा संशय येतो आणि ज्याचा निवडून येतो त्याला यंत्र निर्दोष वाटते, हा अनुभव आम्ही दोन्ही बाजूंनी घेतला आहे. यामुळेच निकालाची पडताळणी हरलेल्याच्या तक्रारीवर अवलंबून राहू नये, असे माझे म्हणणे आहे. निवडणूक उमेदवारांची जितकी असते तितकीच, किंबहुना अधिक, मतदारांची असते. मात्र आपल्या सध्याच्या व्यवस्थेत पडताळणीचा जवळजवळ प्रत्येक कागद आणि प्रत्येक संधी उमेदवाराला दिलेली आहे आणि मतदाराला त्यातून वगळलेले आहे. या एका मुद्द्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८१ प्रमाणे निवडणूक याचिका केवळ उमेदवारालाच नव्हे, तर त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदाराला उच्च न्यायालयात दाखल करता येते. त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांची मुदत आहे. संसदेने हा अधिकार विचारपूर्वक दिला, कारण एखाद्या मतदारसंघातील सगळे उमेदवार आपापल्या सोयीने गप्प बसले तरी निवडणुकीच्या शुद्धतेबद्दल बोलणारा कोणीतरी उरला पाहिजे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन करून मिळवलेले हे न्यायालय आता दारात आले आहे. पण याचिका म्हणजे नुसता संशय नव्हे. कोणत्या केंद्रावर काय घडले, कोणता आकडा कोणत्या आकड्याशी जुळत नाही, हे याचिकेत नेमकेपणाने मांडावे लागते, नाहीतर ती सुरुवातीलाच फेटाळली जाते. मतदाराने हा नेमकेपणा आणायचा कुठून? केंद्रावरील मतांच्या हिशेबाची प्रत त्याला मिळत नाही, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मतदानयंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजण्याचा अर्ज त्याला करता येत नाही, यंत्राची तपासणी त्याला मागता येत नाही आणि केंद्रावरील चित्रीकरण त्याला पाहता येत नाही. याचिकेचा हक्क त्याला आहे, पण त्या हक्काला लागणारा पुरावा त्याच्यापासून दूर ठेवला आहे.

मी आयुष्यभर गणित शिकवले आणि नोकरीच्या काळात अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. त्यामुळे केंद्रावरील मतांच्या हिशेबाचा हा कागद, नमुना १७ सी, म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मतदान संपले, शेवटच्या मतदाराचे मत नोंदले गेले, मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटवरचे क्लोजचे बटण दाबले की केंद्राध्यक्ष या नमुन्याचा पहिला भाग भरतो. यंत्रांचे क्रमांक, केंद्राला नेमून दिलेल्या मतदारांची संख्या, नोंदवहीप्रमाणे मतदानास आलेल्यांची संख्या, सही करूनही मत न देता परत गेलेल्यांची संख्या, यंत्रात नोंदलेली एकूण मते आणि कागदी सीलचे क्रमांक अशा नोंदी त्यात असतात. कोणत्या उमेदवाराला किती मते पडली हे त्या भागात नसते, कारण ते तेव्हा कोणालाच ठाऊक नसते. निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ४९ एस प्रमाणे त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायची असते. प्रत्यक्षात काय होते ते प्रत्येक केंद्राध्यक्षाला माहीत आहे. मोठ्या पक्षांचे दोन-तीन प्रतिनिधी शेवटपर्यंत थांबतात, अपक्षांचे प्रतिनिधी मुळातच नसतात, दुर्गम वाडीवरच्या केंद्रावर तर कधीकधी एकही प्रतिनिधी हजर नसतो, आणि मोहोरबंद साहित्य घेऊन परतणाऱ्या बसची घाई सगळ्यांनाच असते. ज्याच्याकडे शेवटपर्यंत थांबणारी माणसे आहेत त्यालाच हिशेबाचा कागद मिळतो.

हा कागद आयोगाने संकेतस्थळावर ठेवावा, अशी मागणी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा आयोगाने प्रतिज्ञापत्रात दोन मुख्य हरकती घेतल्या. तो सर्वांना देण्याचे बंधन कायद्यात नाही, ही पहिली; त्याच्या प्रतिमांमध्ये फेरफार करून गैरसमज पसरवला जाईल, ही दुसरी. न्यायालयाने २४ मे रोजी, निवडणूक ऐन मध्यावर असल्याने, अंतरिम आदेश देण्यास नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांची मतदारसंघनिहाय मतदानाची प्रत्यक्ष संख्या स्वतःहून जाहीर केली. त्या पावलाचे मी मनापासून स्वागत केले होते. मात्र पहिल्या हरकतीबद्दल असे म्हणावेसे वाटते की, कायद्यात बंधन नसणे म्हणजे मनाई असणे नव्हे, आणि संविधानाच्या अनुच्छेद ३२४ ने आयोगाला जे व्यापक अधिकार दिले आहेत ते अशाच मोकळ्या जागा भरण्यासाठी आहेत. दुसरी हरकत तर उलट माझ्याच बाजूने बोलते. बनावट प्रत फिरू लागली तर ती बनावट आहे हे ओळखायचे कशाशी ताडून? मूळ प्रत आयोगाच्या संकेतस्थळावर असेल तर कोल्हापुरातला शाळकरी मुलगाही दोन मिनिटांत खोटी प्रत उघडी पाडू शकेल.

कामाचा भार हे कारण मला खरे वाटत नाही. देशात साडेदहा लाख मतदान केंद्रे आहेत हे खरे, पण आपल्या राज्यात एका विधानसभा मतदारसंघात ती साधारण तीनशे ते चारशे असतात आणि प्रत्येक केंद्राचा हा हिशेब एक-दोन पानांत मावतो. रात्री साहित्य जमा करून घेताना तोच नमुना सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलावरून जातो. तेवढ्या पानांचे स्कॅनिंग हे तहसील कार्यालयाचे एका दिवसाचे काम आहे. केंद्राध्यक्षांनी दर दोन तासांनी मतदानाची संख्या थेट ॲपवर भरावी, अशी व्यवस्था आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केली आहे. जो आकडा केंद्राध्यक्ष आता मोबाईलवरून पाठवणार आहे, त्याच आकड्याचा सही केलेला कागद नागरिकांना दाखवण्यात अडचण कोणती, हे मला समजत नाही.

विधानसभेच्या वेळी आमच्या राज्यात संध्याकाळी पाचपर्यंत ५८.२२ टक्के मतदान सांगितले गेले आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. या वाढीवरून फार मोठे वादळ उठले. आयोगाचे स्पष्टीकरण असे होते की, दिवसभराचे आकडे ढोबळ असतात आणि सहा वाजता रांगेत असलेल्या सगळ्यांचे मतदान करून घ्यावे लागते. केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेल्या माणसाला हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. करवीर, राधानगरी, कागल या भागांत दुपारी केंद्रे ओस पडतात आणि शेतातली, कारखान्यातली कामे उरकून लोक चारनंतर येतात. सहा वाजता केंद्राध्यक्ष रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटतो आणि किती चिठ्ठ्या वाटल्या याची नोंद ठेवतो. म्हणजे वादळ शमवणारा पुरावा प्रत्येक केंद्रावर त्याच रात्री तयार झालेला होता. सहानंतर किती जणांनी मतदान केले, हे केंद्रनिहाय जाहीर केले असते तर आठवड्याभरात या प्रश्नाचा निकाल लागला असता, मग तो कोणाच्याही बाजूने असो. त्याऐवजी पत्रके निघाली, पत्रकार परिषदा झाल्या, आरोपाला प्रत्यारोप झाला, आणि नोंदी मोहोरबंद पाकिटांत राहिल्या.

आता व्हीव्हीपॅटकडे वळतो. यंत्रातून चिठ्ठी छापली जाते आणि काचेमागे ती ७ सेकंद दिसते. मतदाराच्या स्वतःच्या मताची पडताळणी त्या ७ सेकंदांत सुरू होते आणि तिथेच संपते. चिठ्ठीवर चुकीचे चिन्ह दिसले असे कोणी सांगितले तर नियम ४९ एमए प्रमाणे त्याला लेखी घोषणा द्यावी लागते, प्रतिनिधींसमोर चाचणी मत द्यावे लागते, आणि त्या चाचणीत चिठ्ठी बरोबर आली तर खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावरच कारवाई होऊ शकते. आधीच्या मताच्या वेळी काय घडले हे नंतरच्या चाचणीवरून सिद्ध होत नाही, हे उघड असूनही हा नियम तसाच आहे. खोडसाळ तक्रारींना आळा हवा हे मान्य. पण गावातल्या साध्या माणसाला तक्रार करण्याचीच भीती वाटावी, एवढा तो कठोर असू नये.

सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा आदेश दिला आणि २६ एप्रिल २०२४ च्या निकालपत्रात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची तसेच मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. आजवर ४ कोटींहून अधिक चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडल्या गेल्या आणि एका उमेदवाराचे मत दुसऱ्याला गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही, ही आयोगाची माहिती त्या निकालपत्रात नमूद आहे. ही माहिती मी हलकी मानत नाही. मतपत्रिकेकडे परत जावे असेही माझे मत नाही. केंद्रे ताब्यात घेऊन गठ्ठ्याने शिक्के मारण्याचे प्रकार देशाने पाहिले आहेत, आणि यंत्र मिनिटाला चारांपेक्षा जास्त मते घेत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. आमच्याकडच्या साखर कारखान्यांच्या निवडणुका मतपत्रिकेवर होतात, त्यांची मोजणी रात्रभर चालते, आणि तरीही तिथला सगळ्यात कडवा वाद मतपत्रिकेवरून होत नाही, तो सभासद यादीवरून होतो.

पण पाच हा आकडा गणिताच्या कसोटीला उतरत नाही, आणि हा माझा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने सांगतो. समजा, एका विधानसभा क्षेत्रात ३५० केंद्रे आहेत आणि त्यांतील १० केंद्रांच्या यंत्रांत काही दोष आहे. चिठ्ठ्या टाकून कोणतीही पाच केंद्रे निवडली, तर त्या दहापैकी एकही न सापडण्याची शक्यता ८६ टक्क्यांच्या आसपास येते. त्यांतील निदान एक तरी हाती लागेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर जवळजवळ ९० केंद्रे तपासावी लागतात. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या अहवालात सबंध देशासाठी ४७९ यंत्रांचा नमुना पुरेसा ठरवला होता. सबंध देशातील यंत्रांबद्दल एकच प्रश्न विचारला तर ते उत्तर बरोबरही असेल. मतदार मात्र वेगळा प्रश्न विचारतो आहे. त्याला आपल्या मतदारसंघाचा निकाल बरोबर आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाचा २०२४ चा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. जिथे लाखाचे मताधिक्य आहे तिथे निकाल उलटायला शेकडो यंत्रे बिघडलेली असावी लागतील, त्यामुळे थोड्या केंद्रांची तपासणीही पुरते. जिथे मताधिक्य हजाराच्या आत आहे तिथे एखाद-दुसरे यंत्रही निकाल बदलू शकते, म्हणून तिथे बहुतेक सगळी केंद्रे तपासली पाहिजेत. मताधिक्य जितके कमी तितकी मोजणी जास्त, आणि तफावत आढळली की नमुना आपोआप वाढवायचा, एवढेच तत्त्व स्वीकारले तरी एकूण कष्ट फारसे वाढणार नाहीत. न्यायालयाने त्याच निकालपत्रात चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का आणि चिन्हासोबत बारकोड छापता येईल का, हे पाहण्याची सूचना आयोगाला केली आहे. ती अमलात आली तर मनुष्यबळाची सबबही उरणार नाही.

त्याच निकालाने यंत्रांतील मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या चिपची, तपासणी मागण्याची नवी वाट उघडली, पण ती दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांपुरती, निकालानंतर सात दिवसांच्या आत, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांसाठी. २०२४ मध्ये त्याचे शुल्क जीएसटीसह यंत्रामागे ४७,२०० रुपये ठरले, आणि तपासणी करताना यंत्रातील मूळ माहिती पुसू नका, असे फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले. निवडणूक याचिका दाखल करणाऱ्या मतदाराला कायद्याने २,००० रुपयांची अनामत ठरवली आहे. यंत्र तपासून घ्यायचे असेल तर त्याला कोणत्याही रकमेत ते शक्य नाही. एका मतदारसंघातील ठरावीक संख्येच्या मतदारांनी, समजा शंभर जणांनी, सह्या करून आणि वाजवी अनामत भरून मागणी केली तर आपल्या केंद्राच्या चिठ्ठ्यांची मोजणी त्यांच्यासमोर व्हावी, अशी तरतूद करण्यासाठी आयोगाने केंद्र सरकारकडे नियमबदलाची शिफारस करावी, अशी माझी विनंती आहे. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये गावापुरते मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि नंतर गुन्हेही नोंदवले. गावाने असे परस्पर मतदान घेण्याला कायद्याचा आधार नव्हता आणि त्यात गुप्ततेलाही धोका होता, हे मी स्वतः त्या वेळी बोलून दाखवले होते. परंतु त्या गावाचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या केंद्रावर नोंदलेली मते आम्ही दिलेलीच आहेत का, एवढेच ते विचारत होते, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच केंद्राच्या व्हीव्हीपॅट पेटीत होते. ती पेटी सगळ्यांसमोर उघडण्याचा सरळ मार्ग कायद्यात असता तर पोलिस बंदोबस्ताची वेळच आली नसती.

जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी दिलेल्या निकालात म्हटले होते की, निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला तपासता आले पाहिजेत. आपली यंत्रे तिथल्यांपेक्षा वेगळी आहेत आणि त्यांना कागदी चिठ्ठीची जोड आहे, हा फरक मी जाणतो. म्हणून यंत्रे टाकून द्या असा निष्कर्ष मी काढत नाही. मात्र तज्ज्ञांनी तपासले, बंगळूर आणि हैदराबादच्या सरकारी कारखान्यांच्या अभियंत्यांनी प्रमाणपत्र दिले, एवढ्यावर नागरिकाचे समाधान व्हावे, ही अपेक्षा त्या तत्त्वाला धरून नाही.

चित्रीकरणाबाबत आयोगाने घेतलेल्या भूमिकेने मला सर्वाधिक दुःख झाले. २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणुकीचे कागद पाहण्याबाबतचा नियम ९३ बदलला गेला आणि मतदान केंद्रावरील सीसीटीव्हीसारख्या नोंदी नागरिकांच्या पाहणीतून वगळल्या गेल्या. त्यानंतर ३० मे २०२५ च्या पत्राने, याचिका नसेल तर हे चित्रीकरण निकालानंतर ४५ दिवसांनी नष्ट करण्यास मुभा दिली. याचिका दाखल करण्याची मुदतही नेमकी ४५ दिवसांचीच आहे. मतदाराने पंचेचाळिसाव्या दिवशी याचिका दाखल केली तर न्यायालयाची नोटीस जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत चित्रीकरण शिल्लक राहील याची हमी कोण देणार? महिला मतदारांच्या खासगीपणाचा जो मुद्दा आयोगाकडून मांडला गेला तो मी गंभीरपणे घेतो. मतकक्षाचे चित्रीकरण होत नाही, रांगेचे आणि टेबलांचे होते, आणि आमच्या लेकीसुना त्या रांगेत सगळ्या गावासमोर अभिमानाने उभ्या असतात. तरीही कोणाचे चित्र बाहेर फिरू नये, हे योग्यच आहे. त्यासाठी प्रती देऊ नका. जिल्हा निवडणूक कार्यालयात, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, अर्जदार मतदाराला ते पाहू द्या, आणि निदान एक वर्ष ते जपून ठेवा. तासाला किती माणसे केंद्रात शिरली हे मोजायला चेहऱ्यांची गरज नसते.

गुप्ततेची खरी काळजी करायची असेल तर ती वेगळ्या ठिकाणी करावी लागेल. निकालानंतर नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली हे प्रसिद्ध होते. आमच्याकडे गटातटाचे राजकारण किती खोलवर मुरलेले आहे हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. कोणत्या वाडीने कोणाला आघाडी दिली हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मोजले जाते आणि पुढच्या पाणंद रस्त्यापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत त्याचे परिणाम होतात. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव आयोगाने स्वतः २००८ मध्ये दिला होता आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला होता. तो प्रस्ताव मला आवडतो, तरी आज मी तो मागत नाही, कारण केंद्रनिहाय आकडे झाकले गेले तर केंद्रनिहाय पडताळणीही अशक्य होईल. पडताळणी आधी पक्की व्हावी, टोटलायझर त्यानंतर यावा.

राहिला मतदार यादीचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्याचा पाया आहे. लोकसभा ते विधानसभा या अवघ्या सहा महिन्यांत महाराष्ट्राच्या यादीत निव्वळ सुमारे ४० लाख नावांची भर पडली. ही सगळी नावे बोगस आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. नवमतदारांची नोंदणी झाली, मोहिमा झाल्या, हे दिसत होते. दुबार नावांतही फसवणूक कमी आणि हलगर्जीपणा जास्त असतो, हे घरोघरी फिरलेला कोणताही बीएलओ, म्हणजे यादीचे काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी, सांगेल. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरी तसेच राहते आणि सासरी नवे चढते, पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचे नाव दोन्हीकडे असते, इचलकरंजीत यंत्रमागावर आलेला कामगार भाड्याची खोली बदलतो तसा त्याचा यादीतला भागही बदलतो. पण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात विधानसभेपूर्वी ऑनलाइन आलेले साडेसहा हजारांहून अधिक अर्ज नाकारावे लागले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला, हेही तितकेच खरे आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी ते वेळीच पकडले याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. तसे प्रकार आणखी कुठे झाले नाहीत याची खात्री करण्याचे साधन मात्र आमच्या हाती नाही, कारण यादी शोध न घेता येणाऱ्या प्रतिमांच्या स्वरूपात दिली जाते आणि एका विधानसभा क्षेत्रातील तीन-साडेतीन लाख नावे ताडून पाहणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शोधता येणाऱ्या स्वरूपातील यादीची मागणी मान्य केली नाही, तरी तशी यादी देण्यास आयोगाला मनाईही केलेली नाही. बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादीच्या फेरतपासणीत, मसुदा यादीतून ६५ लाख नावे वगळली गेली तेव्हा न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ती नावे कारणांसह, शोधता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करण्यास सांगितले, आणि आयोगाने ते काही दिवसांतच करून दाखवले. मयत, स्थलांतरित, दुबार, पत्त्यावर न सापडलेले, असे कारण प्रत्येक नावासमोर लागले. जे बिहारमध्ये काही दिवसांत झाले ते महाराष्ट्रात प्रत्येक निवडणुकीपूर्वी का होऊ नये? कोणती नावे वाढली, कोणती वगळली आणि का, एवढी यादी भागनिहाय, छायाचित्रांशिवाय, शोधता येईल अशी मिळाली तर प्रत्येक गावात ती तपासणारी माणसे आहेत. आमच्याकडच्या सोसायट्यांच्या सभासद याद्या वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून तपासणारे लोक मतदार यादी तितक्याच चोखपणे तपासतील.

आयुक्तांच्या नेमणुकीच्या २०२३ च्या कायद्याबद्दल मी येथे मुद्दाम काही लिहिलेले नाही. तो संसदेचा आणि न्यायालयाचा विषय आहे आणि वर मागितलेल्या बहुतेक गोष्टींसाठी त्याच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. नमुना १७ सी आणि सहानंतरच्या मतदानाची केंद्रनिहाय नोंद प्रसिद्ध करणे, चित्रीकरण वर्षभर जपणे, यादीतील वाढ व वगळणी कारणांसह देणे, हे सारे आयोगाच्या स्वतःच्या आदेशाने होऊ शकते. नियम ४९ एमए, नियम ९३ आणि मतदारांच्या मागणीवरून चिठ्ठ्यांची मोजणी यांसाठी मात्र आयोगाने केंद्र सरकारला लेखी शिफारस पाठवावी आणि ती शिफारस नागरिकांसमोरही ठेवावी. यांपैकी कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि नसल्यास का, याचे मुद्देनिहाय लेखी उत्तर आयोगाने द्यावे आणि ते आपल्या मराठी संकेतस्थळावरही प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
कोल्हापूर लोकसभा मतदारसंघातील एक मतदार व निवृत्त शिक्षक